डेव्हलपमेंटवरचा जोर

शिंदखेड्याच्या शाळेत सुनंदाबाई एकोणीस वर्षं इंग्रजी शिकवत होत्या. लांबलचक शब्द त्या टाळ्यांवर फोडायच्या. एक्-झॅ-मि-ने-शन. पाच टाळ्या, चौथी जोरात, कारण उच्चारात जोर तिथे येतो. मुलं त्या तासाची वाट बघायची, आणि बाईंनाही आपल्या कानाचा भारी भरवसा.

जुलैत धुळ्याला शिक्षकांचं प्रशिक्षण होतं. तिथले प्रशिक्षक प्रकाश सर, त्यांनी नमुना तासाला बाईंनाच उभं केलं. बाईंनी फळ्यावर डेव्हलपमेंट लिहिलं आणि चार टाळ्या वाजवल्या, पहिली जोरात.

"मॅडम, जोर दुसऱ्यावर येतो," सर म्हणाले.

"नाही सर, पहिल्यावरच."

सरांनी वाद घातला नाही. मोबाइलवरचा शब्दकोश उघडला, आवाज मोठा केला. डि-व्हे-लप-मेंट. पुन्हा एकदा. मागून कुणीतरी खुदकन हसलं. बाई खडू ठेवून जागेवर जाऊन बसल्या.

परतीच्या एसटीत त्यांनी योगेंद्रला फोन लावला. तो त्यांचा जुना विद्यार्थी. आता जामनेरला इंग्रजीच शिकवायचा.

"डेव्हलपमेंट म्हणताना जोर कुठे देतोस रे?"

"पहिल्यावर. तुम्हीच शिकवलंत ना, मॅडम?"

"चुकीचं शिकवलं. दुसऱ्यावर दे."

तो म्हणाला, "माझ्या हाताखालून सात बॅच गेल्या, मॅडम."

"माझ्या हाताखालून एकोणीस."

तो हसला. बाईंना हसू आलं नाही.

दुसऱ्या दिवशी नववीच्या वर्गात त्यांनी हजेरीच्या आधीच आपली चूक सांगून टाकली. पुढच्या बाकावरची कस्तुरा घाबरून बोलली, तीही घरच्या अहिराणी बोलीत, "मंग आम्हनं बठ्ठं चुकनं का, मॅडम?"

"बठ्ठं नाही गं, सगळं नाही. एक शब्द तर नक्की. बाकीचे आता तपासू."

ग्रंथालयातला जाडजूड शब्दकोश आणवला. त्यात जोराच्या अक्षराआधी बारीक रेघ असते. ती कशी शोधायची ते त्यांनी दाखवलं आणि आपली शब्दांची वही कस्तुराच्या हाती दिली. तास संपेपर्यंत हॉटेल आणि इव्हेंट हेही चुकीचे निघाले. प्रत्येक वेळी बाईंनी आपल्या हाताने वहीत तांबडी खूण केली आणि मुलांबरोबर नव्याने टाळी वाजवली. पहिल्यांदा त्यांची टाळी सवयीने जुन्याच जागी पडली.

संध्याकाळी त्यांनी वहीच्या पानाचा फोटो योगेंद्रला पाठवला. तासाभराने उत्तर आलं, "मॅडम, कमिटीसुद्धा बघा."

त्यांनी बघितलं. तिथेही जोर दुसऱ्यावरच. त्याचं बरोबर होतं.