दोनदा मोजणारी फीत

मित्रांनो, मला फीत म्हणतात, पण वेणीत बांधायची ती फीत मी नव्हे. मी पोलादाची आहे, चक्रीवर गुंडाळलेली, आणि माझ्या टोकाला पितळेचं वजन आहे. तेलाच्या टाकीत मला वरून सोडतात. वजन तळाला टेकलं की ओढून घेतात आणि मी कुठवर भिजले ते पाहतात. पितळ एवढ्यासाठी, की टाकीवर आपटलं तरी ठिणगी उडत नाही. आता अंगावरचे निम्मे आकडे पुसट झालेत, चक्री कुरकुरते. थकले आहे मी, लपवून काय उपयोग?

माझी उमेदीची वर्षं आखातात गेली. रत्नागिरीचा तरुण इंजिनिअर हरिश्चंद्र मयेकर मला खांद्याला अडकवून टाक्यांचे जिने चढायचा. तिथला एक दंडक होता. एकदा मोजून कधी बोलायचं नाही. मला पुसायचं, पुन्हा सोडायचं, दोन्ही खुणा जुळल्या तरच तोंड उघडायचं. हरिश्चंद्राने तो दंडक कधी मोडला नाही. ‘मयेकरची फीत खोटं बोलत नाही,’ असं साहेबलोक म्हणायचे, तेव्हा मी उगाच फुशारून जायची. पुढे टाक्यांना आपोआप मोजणारी यंत्रं बसली आणि माझी रवानगी हत्यारांच्या पेटीत झाली. तिथे मला गंज चढला. कुणी विचारलं नाही.

पन्नाशी उलटल्यावर हरिश्चंद्र तेलाची नोकरी सोडून त्या पेटीसकट घरी आला आणि दारावर ‘ऊर्जा सल्लागार’ अशी पाटी लावली. तेल-कोळसा कमी जाळून कारखाने कसे चालवावेत, हे तो सांगणार होता. गाव हसलं. शंभर उंदीर खाऊन मांजर काशीला निघाली म्हणे. रात्री जेवताना हरिश्चंद्राचा घास हातातच राही.

पहिलं मोठं काम मिळालं पावसला, त्याच्या मामेबहिणीच्या, राजश्रीच्या कारखान्यात. उन्हाळ्यात तिथे आंब्याचा रस डबाबंद होतो. पुढे थंडीत आवळा शिजतो, म्हणून तिथे कामाला येणारी गोदा आणि तिच्यासारख्या आठ बायकांना दोन्ही हंगामांत काम असतं. हरिश्चंद्राने सुचवलं, आंब्याच्या साली आणि चोथा झाकलेल्या खड्ड्यात साठवायचा, लागेल तसा कुजवून त्याचा गॅस करायचा आणि तेलाऐवजी त्यावर बॉयलर चालवायचा. वैशाखात खड्डा काठोकाठ भरला. त्याने तो एकदा मोजला, हिशेब मांडला आणि सांगून टाकलं, ‘वर्षभर पुरेल. तेलाचा बर्नर काढून टाक.’

भाद्रपदात बर्नर भंगारात जाणार होता. आदल्या दिवशी हरिश्चंद्र पावसला गेला. चहा यायला उशीर होता, हात रिकामे होते. जुन्या सवयीने त्याने बरोबरच्या पेटीतून मला काढलं आणि खड्ड्यात सोडलं.

मी खड्ड्याच्या निम्म्या उंचीइतकीही भिजले नाही.

त्याने मला पुसलं, पुन्हा सोडलं. खूण तीच. तो तिथेच कठड्यावर बसला. तेल टाकीत वर्षभर ठेवलं तरी तेलच राहतं. आंब्याची साल तशी नव्हे. ती वाट बघत बसत नाही, आपली आपण कुजते, विरते. हे इथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक, पण सारा जन्म तेल मोजलेल्या माणसाला सुचलं नाही. मला त्याची फार कीव आली.

राजश्री चहा घेऊन आली. “हरीदादा, उद्या भंगारवाला येतोय. देऊ ना बर्नर?”

तो गप्प राहिला असता, तर थंडीपर्यंत कुणाला कळलंही नसतं.

“देऊ नको,” तो म्हणाला. “माझा हिशेब चुकला. माल आताच निम्म्यावर आलाय. आवळ्याच्या वेळी गॅस पुरायचा नाय.”

“म्हणजे परत तेलच जाळायचं?”

“अर्धं तरी. नायतर बायकांना घरी बसवावं लागेल.”

राजश्री खड्ड्याकडे बघत राहिली. “लोक हसतील रे तुला. तेलवाला तो तेलवालाच, म्हणतील.”

“आधीपासून हसतायत. चहा दे.”

लोक हसलेच. नाटे इथल्या बर्फाच्या कारखान्याचं ठरत आलेलं कामही हातचं गेलं. पण थंडीत आवळा शिजला, थोडा गॅसवर, थोडा तेलावर, आणि गोदा रोज कामावर येत राहिली.

आता मी त्या खड्ड्याशेजारी खिळ्याला टांगलेली असते. मित्रांनो, तुमच्या घरीही माझ्यासारखी एखादी म्हातारी वस्तू असेल. तिला पुसून, तेलपाणी करून ठेवा. नवं काम अंगावर घेतलंत, तरी जुन्या कामाने लावलेली चांगली सवय पेटीत टाकू नका.

यंदाही वैशाखात खड्डा भरला. हरिश्चंद्र दर आठवड्याला येतो. काल त्याने मला सोडलं, ओढून घेतलं, डोळे बारीक करून खूण पाहिली.

“किती रे?” राजश्रीने विचारलं.

तो मला पुसत म्हणाला, “थांब. अजून एकदा.”