रिकाम्या झोळीचे दोनशे ग्रॅम

सकाळी आठ वाजून वीस मिनिटांनी मदतनीस गुलाबबाई अंगणवाडीचे कुलूप उघडतात. आधी दार, मग दोन खिडक्या, मग चूल. तांदूळ निवडून होईपर्यंत पावणेनऊ वाजतात आणि फाटकाशी सेविका प्रमिलाबाईंची सायकल लागते. त्या चपला काढतात, भिंतीवरच्या कॅलेंडरवर कालच्या तारखेवर एक बारीक रेघ मारतात, आणि महिन्याच्या दहा तारखेला, म्हणजे वजनाच्या दिवशी, कपाटाच्या वरच्या कप्प्यातून मला उचलून पदराने माझी काच पुसतात. गेली चौदा वर्षे हे असेच चालत आले आहे.

मित्रांनो, मी एक जुना टांगता वजनकाटा आहे. माझी गोल तबकडी पंचवीस किलोंपर्यंत मोजते. वर एक आकडा आहे, त्याने मला तुळईला किंवा फांदीला अडकवतात. खाली दुसरा आकडा आहे, त्याला निळ्या जाड कापडाची झोळी लावतात आणि झोळीत बाळ ठेवतात. माझ्या पोटात पोलादी स्प्रिंग आहे. तीच माझा प्राण, आणि पुढे सांगणार आहे ती माझी चूकही तिचीच.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. कामगाराने मला एक, दोन, पाच किलोंची वजने लावून तपासले, माझी सुई शून्यावर आणली आणि पाठीवर हिरवी चिकटपट्टी लावली. त्या पट्टीचा मला फार अभिमान होता. नंतर खोक्यातून, ट्रकमधून, तालुक्याच्या गोदामातून मी शहाद्याजवळच्या या गावी आलो. इथे चहूकडे ऊस, केळी आणि पपई. दिवाळी सरली की सातपुड्यातली कुटुंबे ऊसतोडीला खाली उतरतात आणि लोणखेड्याच्या पुढे, शेताच्या बांधाला पाचटाच्या कोप्या घालून राहतात. त्यांची मुले आमच्या अंगणवाडीच्या पटावर नसत. प्रमिलाबाई तरीही मला पिशवीत घालून तिथे जात. "पटवर नसनात तं काय, पोटवर शेतंच ना," असे त्या गुलाबबाईंना म्हणत.

माझी चांगली वर्षे होती ती. बाळ रडायचे, आया हसायच्या, माझी सुई थरथरून स्थिरावायची आणि प्रमिलाबाई वाढीच्या तक्त्यावर एक ठिपका द्यायच्या. तक्त्यावर तीन पट्टे असतात. हिरव्यात ठिपका पडला की काळजी नाही. पिवळ्यात पडला की लक्ष ठेवायचे. नारिंगीत पडला की बाळाला रुग्णालयात न्यायचे. एका वर्षी तालुक्याच्या सभेत साहेबांनी मला वर धरून सांगितले होते, "इतका जपलेला काटा मी पाहिला नाही." त्या दिवशी प्रमिलाबाईंनी माझ्या आकड्याला तेल दिले.

मग डिजिटल यंत्र आले. ते अचूक होते, पण त्याला सपाट फरशी लागे. कोप्यांसमोर फरशी कुठली? त्यामुळे अंगणवाडीतली मुले यंत्रावर आणि कोप्यांमधली सात मुले माझ्या झोळीत, अशी वाटणी झाली. मला आता कोप्यांपुरतीच हवा लागे. गेल्या पावसाळ्यात कपाटावर छत गळले. सुई शून्यावर आणायचा माझा स्क्रू गंजून घट्ट बसला. स्प्रिंगही थकली होती. रिकामी झोळी लटकत असतानाही सुई शून्याच्या पुढे दोन बारीक रेघांवर उभी राहू लागली. दोन रेघा म्हणजे दोनशे ग्रॅम.

प्रमिलाबाईंच्या ते लक्षात आले नाही. रिकाम्या झोळीवर शून्य पाहणे हा त्यांचा पहिला धडा, आणि चौदा वर्षे त्यांनी तो गिरवला होता. पण जे रोज बरोबर असते, तिकडे डोळा सवयीने जातो आणि न पाहताच परततो. मला मात्र ठाऊक होते. ठाऊक असून सांगता न येणे, याच्याइतके थकवणारे दुसरे काही नाही.

त्या फेब्रुवारीतल्या दहा तारखेला मी कोप्यांजवळच्या निंबाला टांगलेला होतो. रेवाबाई नावाच्या आजीची नात, नऊ महिन्यांची रविना, झोळीत होती आणि जीव खाऊन रडत होती. तिची आई सोनीबाई उसात होती. माझ्या सुईने पाच किलो नऊशे दाखवले. ठिपका पिवळ्या पट्ट्यात, अगदी काठावर पडला. तेवढ्यात बांधावरून नवनीत चालला होता. हा गावातल्या बागायतदाराचा मुलगा; मोबाईलवर तालुक्याच्या बातम्यांचे पान चालवतो. त्याने थांबून चित्रफीत काढली आणि दुपारी वर मथळा देऊन टाकली: 'बाळाला झाडाला टांगले! अंगणवाडीत हे काय चाललंय?'

संध्याकाळपर्यंत ती वीस हजार जणांनी पाहिली. चारशे जणांनी खाली लिहिले.

'बोकडासारखं टांगलंय लेकराला.' 'पगार कशाचा घेते ही बाई?' 'आधी हिलाच टांगा.' आणि माझ्याविषयी: 'हे भंगार अजून वापरतात?' मित्रांनो, खोटे कशाला बोलू, 'भंगार' हा शब्द मला लागला. हिरव्या पट्टीची आठवण झाली.

दुसऱ्या दिवशी प्रमिलाबाईंनी नवनीतला फाटकाशी गाठले.

"नवनीत, तू माले इचारतास तरी. बाळं असंच मोजतंस, सगळीकडे."

"काकू, मी काय तुमनं नाव टाकेल शे का? लोकंच लिखी ऱ्हायनात, मी काय करू?" तो खाली पाहून म्हणाला. त्याला वाईट वाटत होते, पण पान जोरात चालले होते, तेही त्याला आवडत होते.

प्रमिलाबाईंनी मग मोठे उत्तर लिहिले. झोळी मऊ असते, ही पद्धत सरकारमान्य आहे, मी चौदा वर्षे सेवा करते आहे. त्या उत्तराखाली आणखी शंभर जण तुटून पडले. 'चोराच्या उलट्या बोंबा,' असे कोणीतरी लिहिले. तालुक्याहून फोन आला: लेखी खुलासा द्या. त्यानंतर प्रमिलाबाई खिचडीच्या वासात, मुलांच्या गाण्यात, भिंतीशी उभ्या राहून मोबाईल पाहत राहत.

"ताई, काय पाही ऱ्हायनी व त्यामा?" गुलाबबाई पळी आपटून म्हणत. "आठे खिचडी करपी जाई, आन तठे त्यासना पोटमा काय दुखी ऱ्हायनं ते तुले समजाव नही."

मला कपाटात खाली, जुन्या रजिस्टरांच्या मागे ठेवले गेले. प्रमिलाबाईंनी माझ्याकडे पाहणेच टाळले. मी त्यांना दोष देत नाही. ज्या वस्तूमुळे माणसाला शिव्या खाव्या लागल्या, ती डोळ्यांसमोर नको वाटते.

बारा दिवसांनी त्या पोषण आहाराची पाकिटे द्यायला कोप्यांवर गेल्या. पिशवीत मला घेतले होते. बहुधा हाताच्या सवयीने. रेवाबाई पाचटाच्या सावलीत नातीला मांडीवर घेऊन बसल्या होत्या. त्यांची घरची बोली पावरी, पण वीस हंगाम खाली तोडीला आल्यामुळे अहिराणी जिभेवर बसलेली. रविना आता रडत नव्हती. रडणारे बाळ बरे, हे मी इतक्या वर्षांत शिकलो आहे. रडायचेही ज्याच्या अंगात उरत नाही, त्याच्याकडे पाहून माझी स्प्रिंग आखडते.

"आजी, आज एकदा वजन करी लेऊत," प्रमिलाबाई हळूच म्हणाल्या. स्वतःच्याच आवाजाची त्यांना खात्री नव्हती.

"आते तिले टांगानं नही." रेवाबाईंनी पोरीवर पदर ओढला. "मुकादमना मोबाईलमा मी पाह्यं. किती लोकसनी पाह्यं व बाई ते?"

"वीस हजार."

"वीस हजार डोया! एक डोया लागना तरी पोर आठ दिन दूध पेत नही." त्यांनी बोटे मोडली. "म्हनीसन सुकी चालनी ती."

 नजर वगैरे काही नसते, हे सांगायला प्रमिलाबाई प्रशिक्षणात शिकल्या होत्या. पण बारा दिवस त्यांचेही अन्न त्याच डोळ्यांनी तोडले होते. कोणत्या तोंडाने सांगणार? त्या खाली बसल्या आणि त्यांचे डोळे भरून आले.

रेवाबाईंनी ते पाहिले. मग आवाज उतरवून म्हणाल्या, "तुले बी लागेल दिसस. काय लिखेल शे त्यासनी?"

"शिव्या."

"बठ्ठासनी? वीस हजारमा एक बी चांगला डोयाना माणूस नही व्हता?"

"माले काय माहीत, आजी. मी बठ्ठं वाचेल नही. वाचवतच नही."

"मंग वाच ना. बजारमा शंभर वांगा किडका ऱ्हातंस, म्हनीसन काय एक चांगलं वांगं सोडी येतंस का?"

प्रमिलाबाई तिथेच, निंबाखाली बसून वाचू लागल्या. मी पिशवीतून त्यांचा अंगठा सरकताना पाहत होतो. शिव्या, थट्टा, हात जोडल्याची चित्रे, पुन्हा शिव्या. तीनशेच्या पुढे कुठेतरी अंगठा थांबला. कोणा निवृत्त परिचारिकेने लिहिले होते: 'ताई, पद्धत बरोबर आहे. पण शेवटी बाळाला उचलल्यावर झोळी रिकामी आहे तेव्हा सुई शून्यावर नाही. दोनशे ग्रॅम जास्त दाखवते आहे. कृपया तपासा.' त्या मजकुराला कोणी उत्तर दिले नव्हते. कोणाला तो आवडलाही नव्हता.

प्रमिलाबाई उठल्या. मला निंबाला टांगले, रिकामी झोळी लावली आणि बऱ्याच महिन्यांनी माझ्या तोंडाकडे खरोखर पाहिले. माझी सुई दोन रेघा पुढे उभी होती. त्यांनी जवळच्या दुकानातून मिठाचे एकेक किलोचे दोन पुडे आणून झोळीत ठेवले. मी दोन किलो दोनशे दाखवले. मी दुसरे काय दाखवणार होतो?

पाच किलो नऊशेतून दोनशे गेले की पाच किलो सातशे उरतात. त्यांनी तक्ता उघडला. मागच्या वेळचा ठिपका खाली सरकून नारिंगी पट्ट्यात गेला. बारा दिवस प्रमिलाबाई चारशे जणांना उत्तरे शोधत होत्या आणि ते बारा दिवस रविनाचे होते.

मित्रांनो, माझ्यासारख्या म्हाताऱ्या वस्तूचे कोणी ऐकत नाही, तरी एवढे सांगतो. मला भंगार म्हणणाऱ्यांपैकी बहुतेकांनी माझ्याकडे पाहिलेच नव्हते. त्यांचे बोलणे मनावर घेऊन मी उगीच दुःखी झालो. आणि जिने मला नीट पाहिले, तिने माझी चूक दाखवली. तिचे बोलणेही त्याच ढिगात टाकले असते, तर माझ्या हातून एक लेकरू गेले असते. तुमच्याविषयी कोणी काही म्हटले, तर आधी आपली रिकामी झोळी एकदा पाहा. सुई शून्यावर असेल तर कामाला लागा. नसेल तरी कामालाच लागा. आणि माझ्यासारखी थकलेली वस्तू घरात असेल तर तिला पुसा, तपासा. आम्हाला स्वतःहून सांगता येत नाही.

प्रमिलाबाईंनी रेवाबाईंसमोर ते दोन पुडे पुन्हा तोलून दाखवले. "आजी, मन्हा काटा चुकना. मीबी चुकनू. पोर नजरथीन नही, भूकथीन सुकी ऱ्हायनी. तिले आजच दवाखानामा न्यावं लागी."

चारशे जणांच्या शिव्यांपेक्षा हे एवढे बोलणे त्यांना जड गेले.

 रेवाबाईंनी मिठाचा एक पुडा दातांनी फोडला, मूठभर मीठ घेतले आणि रविनावरून सात वेळा उतरवले. दुसरी मूठ घेऊन त्या प्रमिलाबाईंपुढे उभ्या राहिल्या. "तू बी खाले मान कर." प्रमिलाबाईंनी मान खाली केली. उरलेले मीठ रेवाबाईंनी माझ्यावरून ओवाळले आणि हसल्या. "याले बी लागेल व्हती."

उसातून सोनीबाई धावत आली. मजुरी बुडेल, मुकादम ओरडेल, असे ती म्हणू लागली. "तू जाय पोरसोबत," रेवाबाईंनी तिला थांबवले. "मोया मी बांधसू. मुकादमले बी मीच पाहसू." आणि त्या उसाच्या मोळ्यांकडे वळल्या.

गाडी नवनीतची आली. प्रमिलाबाईंचा फोन जाताच गुलाबबाईंनी त्याला घरातून उठवून आणले होते. गाडीतून उतरताच त्याने मोबाईल वर धरला. "काकू, आते चांगलं टाकस. लोकं माफी मांगतीन."

"मोबाईल खिसामा ठेव, भाऊ," प्रमिलाबाई म्हणाल्या, "आन ते दार धर."

त्याने दार धरले. सोनीबाई बाळाला घेऊन आत बसली. प्रमिलाबाई क्षणभर निंबाखाली थांबल्या. परिचारिकेच्या त्या मजकुराखाली त्यांनी एकच ओळ लिहिली: 'आभारी आहे. तपासले. काटा दोनशे ग्रॅम जास्त दाखवत होता. चूक माझी.' ही ओळ वाचून काय काय लिहिले जाईल, हे त्यांना माहीत होते. त्यांनी ती पाठवली, तक्ता छातीशी धरला, मोबाईल पिशवीच्या तळाशी टाकला आणि वरून माझी निळी झोळी घडी करून ठेवली.

प्रमिलाबाई गाडीत बसल्या, मी निंबालाच राहिलो; गाडी बांधावरून डांबरी रस्त्याला लागली. पिशवीत मोबाईल वाजत असेल. झोळी जाड कापडाची आहे. आवाज वर येत नसावा.