न कुरकुरलेली पेटी

मित्रांनो, तुम्ही मला जुनी पेटी म्हणाल, आणि त्यात काही खोटे नाही. किरी नावाच्या जपानी झाडाच्या हलक्या लाकडाची मी. माझ्या झाकणाला मधोमध एक गोल भोक आहे, आणि त्याची कड कित्येक हात घासून घासून तुळतुळीत झाली आहे. माझ्या पोटात कधी दागिने नव्हते, रेशमी कपडे नव्हते. असायची ती फक्त पाकिटे. तरीही वर्षातून एक दिवस सारा जपान माझ्याकडे श्वास रोखून बघत असे.

मला एका बुटक्या सुताराने घडवले. भोक केवढे ठेवायचे, ते त्याने स्वतःचाच हात घालून ठरवले. झाकणाची बिजागरी जरा सैल राहिली, म्हणून हवा कोरडी झाली की मी कुरकुरत असे. त्याची बायको म्हणाली, "अहो, ती बिजागरी तेवढी नीट करा." तो म्हणाला, "राहू दे. घरात एकटी तूच का बोलायचीस?"

माझे काम बेसबॉलचे. दर शरदात शाळा संपवणाऱ्या खेळाडूंमधून प्रत्येक व्यावसायिक संघ आपल्याला हवा त्याचे नाव सांगतो. दोन संघांनी एकच नाव घेतले की मला मंचावर आणत. माझ्या पोटात दोन पाकिटे ठेवत. एकात लाल शिक्क्याचा कागद, दुसऱ्यात कोरा. शिक्का ज्याच्या हाती, खेळाडू त्याचा. आदल्या हंगामात जो संघ शेवटचा आला, त्याचा हात आधी. असे नसते तर सगळी गुणी पोरे टोकियो क्राउन्सकडेच गेली असती. मैदान त्यांचे मोठे, नाव मोठे, विजयाची मिरवणूकही बहुधा त्यांचीच. पण मित्रांनो, शेवट आधीच ठाऊक असलेली गोष्ट ऐकायला कोण बसते? सामन्याचेही तसेच आहे.

शेवटी येणारा संघ म्हणजे शिओमी ऑक्टोपस. शिओमी हे कोळ्यांचे बंदर. "आठ हात, आणि एक चेंडू धरवत नाही," असे लोक त्यांना चिडवत. मैदानाच्या दारात हिरासे योने नावाच्या बाई ताकोयाकी विकत. आप्पेपात्रासारख्या तव्यावर भाजलेले गोल गोळे, आत ऑक्टोपसचा तुकडा. बाहेरगावचे प्रेक्षक विचारत, "काकू, आपल्याच संघाला भाजून खाता होय?" काकू म्हणत, "काय करणार, मैदानात ते कच्चेच राहतात."

पण त्या वर्षी थट्टा ओसरली होती. क्लबने कळवले होते की पुढच्या हंगामातही बाके रिकामी राहिली, तर संघ दुसऱ्या शहरी जाईल. काकूंचे पती याच बाकांवर बसून म्हातारे झाले होते आणि देवाघरी गेले होते. संघ गेला तर गावात संध्याकाळी एकत्र बसायला जागा उरणार नव्हती. काकूंनी चहा सोडला. रोज पहाटे टेकडीवरच्या देवळात दोन टाळ्या वाजवून हात जोडत आणि सांगत, "संघ तळातून वर येईपर्यंत चहा नाही." चहावाचून सकाळ कशी जाते, हे ज्याने सोडला त्यालाच विचारा.

त्या शरदात कुरोसे नावाच्या पिचरवर, म्हणजे चेंडू टाकणाऱ्यावर, शिओमी आणि टोकियो, दोघांनीही बोट ठेवले. शिओमीचे प्रशिक्षक कुसाकाबे. चिठ्ठी काढण्यात त्यांचा हात फार बदनाम होता. माझ्या पोटातून त्यांनी दरवेळी कोराच कागद उचलला होता. म्हणून ते टोकियोला निघताना गाव स्टेशनवर जमले आणि प्रत्येकाने आपले नशीब त्यांना द्यायचे म्हणून त्यांचा उजवा हात दाबला. कोळ्यांचे हात ते. जाळी ओढणारे.

मंचावर कुसाकाबे माझ्यापाशी आले, तेव्हा हात सुजून पावासारखा झाला होता. तो भोकात जाईना.

"डावा घाला," चिठ्ठ्यांवर देखरेख करणाऱ्या पंचांनी सुचवले.

"डावा मी वाटेत सगळ्यांना आळीपाळीने दिला. तोही तसाच आहे."

सभागृहात हशा पिकला. टोकियोचे प्रशिक्षक मात्र अदबीने वाकून थांबले. पंच म्हणाले, "संघाच्या वतीने कोणीही काढलं तरी चालेल." कुसाकाबेंनी प्रेक्षकांच्या रांगांकडे पाहिले. गावातून त्यांच्यासोबत आलेल्या काकू तिथे बसल्या होत्या. "योने-सान, या जरा."

"मी नाही बाई. कोरा निघाला तर गावात माझे गोळे कोण खाईल?"

"माझ्या हाताचे काय हाल झालेत, बघताय ना?"

काकू आल्या. मला आधी नमस्कार केला, मग हात घातला. त्यांच्या बोटांना पिठाचा वास होता. पाकिटे दोन, आणि शिक्का कशात आहे हे फक्त मला ठाऊक. त्यांची बोटे आधी शिक्क्याच्या पाकिटावर टेकली. मी मनात म्हटले, हेच. पण बोटे सरकली आणि दुसऱ्यावर जाऊन थांबली.

मित्रांनो, त्या दिवशी हवा कोरडी होती. एकदा कुरकुरले असते तर बाईंनी दचकून हात मागे घेतला असता, आणि पुन्हा घालताना कदाचित पहिलेच उचलले असते. मला शिओमी आवडायची. पण समोर वाकून उभा असलेला तो दुसरा माणूसही माझ्याच भरवशावर उभा होता. मी बिजागरी घट्ट आवळून धरली.

काकूंनी कोरे पाकीट काढले.

टोकियोने लाल शिक्का उंचावला. टाळ्या झाल्या. काकू कागद उलटसुलट करून बघत राहिल्या. मग कुसाकाबेंना म्हणाल्या, "चला, आता तुमच्या हाताला कोणी नावं ठेवणार नाही." आधी कुसाकाबे हसले, मग रांगाच्या रांगा हसल्या. हरलेल्याने दुसरे नाव घ्यायचे असते. शिओमीने ओगिनोमे नावाचा जाड पायांचा कॅचर, म्हणजे फलंदाजामागे बसून चेंडू झेलणारा, घेतला. त्याचे नाव दुसऱ्या कोणी घेतले नव्हते.

त्याच हिवाळ्यात माझ्या जागी काचेसारखी पारदर्शक पेटी आली. दूरदर्शनवर आतला हात दिसावा म्हणून. मला अडगळीत टाकले. धुळीत पडल्या पडल्या मी त्या एकाच गोष्टीचा विचार करत होते. मी गप्प बसले म्हणून एका गावाचा संघ उठून जाणार का?

मग कुसाकाबेंनी मला मागून घेतले आणि शिओमीच्या मैदानात दाराशी ठेवले. सामन्याला येणाऱ्याने तिकिटाचा अर्धा तुकडा माझ्यात टाकायचा. ज्याचा निघेल त्याने खेळ संपल्यावर मैदानात चारही बेसना धावून फेरी मारायची. महागड्या खुर्चीचा तुकडा आणि उन्हातल्या बाकाचा तुकडा माझ्या पोटात शेजारी शेजारी झोपत.

तिथेच मला पुढचे कळले. काकू टोकियोहून परतल्या तेव्हा स्टेशनवर लोक चहाचा थर्मास घेऊन उभे होते. "प्या हो काकू, झालं गेलं." काकू म्हणाल्या, "चिठ्ठी हरली, नवस नाही हरला." हे ऐकून नेझू न्हावी म्हणाला, "मग संघ वर येईपर्यंत मीही दाढी करत नाही." मासळीबाजारात लिलाव पुकारणाऱ्या इसोगाईने अंपायरला शिव्या देणे सोडले. हे सगळ्यांत कठीण होते. असे करत करत अर्ध्या गावाने काहीबाही सोडले, आणि कोणाचे व्रत आधी मोडते ते बघायला उरलेले अर्धे गाव मैदानात येऊ लागले. बाके भरली. चुकीचा निर्णय झाला की सगळ्यांच्या माना इसोगाईकडे वळत. तो लालबुंद होऊन उभा राही आणि म्हणे, "अंपायरसाहेब, देव आपले डोळे बरे करो."

ओगिनोमे सुरुवातीला खाली मान घालून हिंडे. एकदा काकूंपाशी म्हणाला, "मी उरलेला आहे, काकू."

"तव्यावर शेवटी उरतो तो गोळा सगळ्यात खरपूस असतो," काकू म्हणाल्या. "खा, आणि मान वर कर."

हंगामाचा शेवटचा सामना टोकियोशी होता. जिंकला तर शिओमी तळातून एक पायरी वर. शेवटच्या डावात बरोबरी, तिन्ही बेसवर आपले गडी, समोर पिचर कुरोसे, आणि फलंदाज ओगिनोमे. सगळे गाव उभे राहिले. कुरोसेने चेंडू टाकला आणि तो ओगिनोमेच्या पाठीखालच्या भरदार भागावर थाडकन बसला. चेंडू अंगाला लागला की फलंदाजाला पहिला बेस फुकट मिळतो, आणि पुढचे सगळे एकेक घर सरकतात. तिसऱ्या बेसवरचा गडी चालत चालत शेवटच्या बेसवर आला आणि धाव मिळाली. शिओमी जिंकली.

कुरोसेने टोपी काढून माफी मागितली. ओगिनोमेने दुखरा भाग चोळत त्याला वाकून नमस्कार केला. काकूंनी दाराशीच चहा उकळला आणि पहिला घोट घेऊन डोळे मिटले. नेझूने इसोगाईला आरसा धरायला लावून स्वतःची दाढी केली. संघ कुठेही गेला नाही.

माझी कुरकुर आणि काकूंची आधी दुसऱ्याच पाकिटावर टेकलेली बोटे, दोन्ही आता गावाला ठाऊक होती. त्या गर्दीत कोणीतरी माझ्या झाकणावर टिचकी मारली. "हिने त्या दिवशी नुसती कुरकुर केली असती तर कुरोसे आपला असता."

काकू म्हणाल्या, "आज आपल्यासाठी कुरकुरली असती, तर उद्या टोकियोसाठीही कुरकुरली असती. मग कशाला यायचं आपण बघायला?"

मित्रांनो, माझ्यावरचे ओझे त्या क्षणी उतरले. तुमच्याही शाळेत संघ पाडताना चिठ्ठ्या टाकत असाल. डबा असो वा टोपी, तिचा तळ सपाट ठेवा. आत डोकावू नका, कागदाचे कोपरे दुमडू नका. हरलात तर पेटीवर रागावू नका, आणि जिंकलात तर तिला नमस्कारही करू नका. तिने तुमचे काही केलेले नसते. फक्त ती रिकामी करा, कोरड्या फडक्याने पुसा, आणि पुढच्या हातासाठी उघडी ठेवा.