दुपट्टा टाकलेली जागा

देवळीच्या बसस्टँडवर बस लागली की आधी खिडकीतून खांद्यावरचा दुपट्टा आत टाकायचा आणि मग दाराकडे धावायचं. ज्या जागेवर दुपट्टा पडला ती आपली. त्यावरून भांडणं होतात, पण दुपट्टा उचलून फेकायची हिंमत सहसा कोणी करत नाही. मी पुढे धावायचो आणि नलूची माय पिशव्या घेऊन मागून सावकाश यायची. तिला बस लागायची, म्हणून खिडकी तिची. लग्न झाल्यापासून आम्ही असेच बसत आलो.

ती पौषात गेली. साधा ताप म्हणून वर्ध्याला दवाखान्यात नेली आणि झाकून परत आणली.

तेव्हा आमची एकुलती एक मुलगी नलू पोटुशी होती. जावई हरिदास हिंगणीचा, अंदमानात जंगल खात्यात नोकरीला. पोर्ट ब्लेअरच्याही पुढे एका लहान बेटावर त्याला क्वार्टर मिळालं होतं. पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं, पण एवढं जहाजानं यायला डॉक्टरांनी मनाई केली. मग ठरलं की आम्ही दोघांनी तिकडे जायचं आणि मायनं तिथंच सगळं करायचं. तिनं डिंक, खारीक आणून ठेवली होती.

ती गेल्याचं हरिदासला तारेनं कळवलं. त्याची उलट तार आली, नलूला आताच सांगू नका. माझी वहिनी शकुबाई हिचंही तेच म्हणणं पडलं.

"पोटुशा पोरीले असं सांगत असते का, भाऊजी? तिच्या जीवावर येईन. मायचा पाय मुरगळला म्हणा, मांगून येते म्हणा. बाळंतीण झाली की मंग सांगजा."

डिंकाचे लाडू शकुबाईनंच करून दिले. मी फाल्गुनात निघालो. नलूला तोवर हरिदासनं दोघंही येताहेत एवढंच सांगून ठेवलं होतं. पाय मुरगळल्याचं मी तिथं पोचल्यावर सांगायचं होतं. वर्ध्याला मद्रासच्या जीटी गाडीत बसलो तेव्हापासून ते एक वाक्य मी मनात घोकत होतो. मद्रासला जहाज धरलं. समुद्र पाहून मला काही वाटलं नाही. पाणी पुष्कळ, पण पिता येत नाही.

पोर्ट ब्लेअरहून नलूच्या बेटावर जायला लाँच होती. आधी एक जुनी बोट जायची, तिला फार वेळ लागायचा. ही नवी लाँच तिच्या मानानं पळायची, म्हणून सगळ्यांना हीच पाहिजे. धक्क्यावर ही गर्दी. कोंबड्या, तांदळाची पोती, सायकली, रडणारी पोरं. लाँच लागली, लोक तुटून पडले आणि माझा हात आपोआप खांद्यावर गेला. उघड्या खिडकीतून मी दुपट्टा आत टाकला.

तो कडेच्या जागेवर पडला. मी आत जाऊन त्याच्या शेजारी बसलो. तेव्हाही माझ्या लक्षात आलं नाही.

समोरच्या बाकावर एक बंगाली म्हातारी होती. तिच्या मांडीवर बदकाच्या पिल्लांची टोपली होती. तिनं दुपट्ट्याकडे बोट दाखवून विचारलं, "यहाँ कौन है?"

"घर के लोग हैं," मी म्हणालो.

"कहाँ हैं?"

"आ रही है."

एवढं सहज तोंडातून गेलं. ते मी स्वतःच ऐकलं. म्हातारीनं मान हलवली. एक माणूस बसायला आला, त्याला तिनंच हटकलं. "इनकी घरवाली आ रही है, आगे जाओ."

खलाशानं दोर सोडला. इंजिन एकदम गरजलं आणि लाँच पुढून वर उचलली गेली. धक्का मागे पडायला लागला तशी म्हातारी ओरडली, "अरे रोको! इनकी औरत छूट गई!"

मग सगळेच ओरडायला लागले. कोणी छतावर थापा मारल्या. मागच्या बाकावरचा एक टोपीवाला पोरगा म्हणाला, "चाचा, जानबूझ के छोड़ी क्या?" तसे लोक हसले. बोट चालवणाऱ्याला तिथं सारंग म्हणतात. तो दाढीवाला, जाडजूड माणूस होता. त्यानं वळून माझ्याकडे पाहिलं.

"बीवी को छोड़ के बैठ गए? उधर पानी उतर गया तो धक्के पे लगने नहीं मिलेगा, मालूम है?"

मी बोलायला पाहिजे होतं. सारंगनं शिवी हासडली आणि लाँच वळवली.

धक्क्याजवळ येऊन तो म्हणाला, "नाम बोलो. आवाज देता हूँ."

आमच्याकडे नवरा बायकोचं नाव घेत नाही. लग्नात बायांनी घ्यायला लावलं तेव्हा घेतलं असेल, तेही पुटपुटत. एरवी ती 'अवो' नाहीतर 'नलूची माय'. ती गेली तेव्हाही मी नाव घेतलं नाही. शकुबाईनं बजावलं होतं, नाव घेऊन रडू नका, जीव अडकते.

"अनुसया," मी म्हणालो.

सारंगनं तोंडाभोवती दोन्ही हात धरले आणि हाक मारली. धक्क्यावरच्या हमालांनी ती उचलली. एकाकडून दुसऱ्याकडे जात जात हाक चहाच्या टपरीपर्यंत, तिथून गोदामांपर्यंत गेली. अनुसया! ओ अनुसया! टिनाच्या भिंतींना आपटून नाव परत येत होतं. जन्मभर मी जे नाव घेतलं नाही ते ओळखपाळख नसलेली माणसं त्या परक्या गावात घसा फोडून घेत होती.

तरी मी थांबवलं नाही. मी कान देऊन ऐकत होतो. ओ येते का, ते ऐकत होतो.

एक किडकिडीत हमाल धावत आला. "किसको बुलाते हो? वो तो चढ़ गई."

"कौन चढ़ी?" सारंगनं विचारलं.

"हरी साड़ीवाली. सिर पे पल्ला था. पीछे से चढ़ी, मैंने ही हाथ दिया."

सवाष्ण गेली म्हणून शकुबाईनं तिला हिरवंच लुगडं नेसवलं होतं. हिरवं नेसणाऱ्या बाया सगळीकडे असतात, तिथंही असतील. पण लाँचमधल्या सगळ्यांनी वळून मागे पाहिलं. मीही पाहिलं. मागे हिरव्या लुगड्याची एकही बाई नव्हती. हमाल आत डोकावला, एकेक तोंड पाहिलं आणि म्हणाला, "चढ़ी तो थी."

आता बोलल्याशिवाय गत नव्हती.

"वो नहीं है," मी म्हणालो. "वो मर गई. जाड़े में मर गई."

टोपीवाल्या पोरानं मान खाली घातली. पोत्यांवर बसलेला एक व्यापारी उठला. "उतारो इसको! मरी हुई को बुलवा लिया इसने, हमारे माथे पे! उतारो!" आणखी दोघं-तिघं त्याच्या बाजूनं बोलायला लागले.

तिथं उतरवलं असतं तर पुढची लाँच कधी मिळाली असती कोणाला ठाऊक, आणि नलूचे दिवस भरले होते. मी सारंगसमोर हात जोडले. माझ्या मोडक्यातोडक्या हिंदीत सगळं सांगितलं. पोरगी त्या बेटावर आहे, जचकीला आली आहे, मायची वाट पाहते आहे, आणि माय गेल्याचं तिला अजून माहीत नाही. सारी लाँच ऐकत होती.

सारंगनं दाढी खाजवली. मग व्यापाऱ्याला म्हणाला, "तुमको उतरना है तो उतरो. बोरे भी ले जाओ." व्यापारी खाली बसला. मग सारंगनं दुपट्ट्याकडे पाहिलं. मी तो उचलायला हात पुढे केला.

"रहने दो," तो म्हणाला. "चढ़ी है तो बैठने दो. मेरी लाँच से किसी सवारी को उतारा नहीं आज तक."

लाँच निघाली. उशीर भरून काढायला सारंगनं ती अशी पळवली की बाकं थरथरत होती. एका बेटाचं झाड दिसेनासं व्हायच्या आत दुसरं बेट पुढे येत होतं. मधेच पाण्यातून मासे उडायचे आणि चिमण्यांसारखे दूर जाऊन पडायचे. ते पाहायला कोणी उठलं नाही. पाण्याचे फवारे खिडकीतून आत येत होते, तरी माणसं दाटीवाटीनं पलीकडच्या बाजूला बसली होती. आमच्या बाकावर मी एकटा होतो.

लाँच वळायची तेव्हा मी कडेला घसरायचो. बाक गुळगुळीत होतं आणि हातानं धरायला काही नव्हतं. मी खिडकीपर्यंत जायला पाहिजे होतो. पण दुपट्ट्याशी आलो की थांबायचो. तिथं काही नव्हतं. मी पाहिलं, हात फिरवला, काहीच नव्हतं. पुढच्या वळणाला पुन्हा तिथंच थांबलो. बसमध्ये ती झोपली की तिच्या खांद्याशी मी असाच थांबायचो. मग मी हात फिरवणं सोडलं आणि बसून राहिलो. भीती वाटत होती. ती जागा संपू नये असंही वाटत होतं.

म्हातारी बराच वेळ माझ्याकडे पाहत होती. जंगल खात्याच्या क्वार्टरला तीच अंडी पोचवते, नलूला ओळखते, असं तिनं सांगितलं. मग पुढे वाकून म्हणाली, "क्या बोलोगे बेटी को?"

"पैर में मोच आई. बाद में आएगी."

"मैं चुप रहूँगी," ती म्हणाली. "पर ये सब? छोटी जगह है, बाबा. साँझ तक कोई न कोई बोल देगा. और जचकी के दर्द में सुनेगी तो?"



नलूचं बेट आलं. ओहोटीनं पाणी उतरत होतं, पण धक्क्याला लागायला जेमतेम पुरलं. नलू उन्हात उभी होती. पोट एवढं पुढे आलेलं. हरिदास तिच्या मागे. तिनं मला पाहिलं आणि लांबूनच बोलायला लागली.

"बाबा! केवढे वाळले तुमी! माय कुठी हाये? लागली असन तिले लाँच, नाई? बसूनच हाये का आत?"

"मामाजी, सामान द्या इकडं," हरिदास घाईघाईनं म्हणाला. तिच्या पाठीमागून तो मला डोळ्यानं खुणावत होता.

मी उतरलो. दुपट्टा मी उचलला नाही. बाकीचेही उतरायला लागले. प्रत्येकजण आधी नलूच्या पोटाकडे पाहायचा, मग माझ्याकडे आणि मग मान खाली घालून निघून जायचा. व्यापारी तर अंग चोरून गेला. टोपीवाला पोरगा तिच्याजवळ अडखळला, "नमस्ते भाभी" म्हणाला आणि पळालाच.

"हे लोकं काऊन असे पाहून राह्यले मायाकडं?" नलूनं विचारलं. मग तिनं माझ्याकडे पाहिलं. "बाबा, माय काऊन उतरून नाई राह्यली?"

पाय मुरगळला म्हणायला मी तोंड उघडलं. वर्ध्यापासून घोकलेलं वाक्य जिभेवर होतं.

"नलू, तुई माय गेली, बाई. पौषात गेली."

"मामाजी!" हरिदास ओरडला.

नलू त्याच्याकडे वळली. "तुमाले मालूम होतं?"

"डॉक्टर म्हणे, अशा टायमाले..."

"मी मायसाठी खाट मांगतली. तुमी आणली. दोरी आणून विणून बी देली. मालूम असून?"

त्याच्या हातात माझी पेटी होती, ती तो या हातातून त्या हातात घेत राहिला.

म्हातारी टोपली खाली ठेवून पुढे आली. तिनं नलूच्या पोटावर हात ठेवला. "रो मत बेटी. तेरी माँ इधर से वापस आएगी."

नलूनं तिचा हात बाजूला केला, पण हळूच. "मले माय पाहिजे, मौसी," ती आपल्याच बोलीत म्हणाली. "लेकरू त हायेच पोटात."

ती धक्क्याच्या कठड्याला टेकली आणि मला म्हणाली, "सांगा. पयल्यापासून सांगा."

मी सांगितलं. ताप कधी आला, बैलांच्या दमणीतून स्टँडवर कसं नेलं, डॉक्टर काय म्हणाले, न्हाऊ कोणी घातलं, कोण कोण आलं होतं. शकुबाईलाही मी इतकं सांगितलं नव्हतं. नलू पोटावरून हात फिरवत ऐकत होती.

माझं झाल्यावर तिनं एकच विचारलं.

"तिनं मले बोलावलं होतं का?"

हरिदास तिच्या मागून जोरजोरात मान हलवत होता. नाही म्हणा, नाही म्हणा. नाही म्हटलं असतं तर पोरीला थोडं सोपं गेलं असतं, हे मलाही कळत होतं.

"बोलावलं," मी म्हणालो. "शुद्ध होती तोवर तुलेच बोलावत होती."

नलूनं डोळे मिटले. कठडा दोन्ही हातांनी घट्ट धरून ठेवला, एखादी कळ जाऊ द्यावी तसा. मग डोळे पुसून सरळ उभी राहिली.

मागे लाँचनं भोंगा दिला आणि ती परत निघाली. मी वळलो नाही. माझ्यानं वळवलं नाही. नलू मात्र माझ्या खांद्यावरून तिकडे पाहत राहिली. इंजिनाचा आवाज ऐकू येईनासा झाला तरी पाहतच होती. काय दिसतं ते मी विचारलं नाही.

"चाला, बाबा," मग ती म्हणाली. "ऊन लागते."