करदोड्यातून सुटलेले घुंगरू

मित्रांनो, मी एक जुने पितळी घुंगरू आहे, हरभऱ्यापेक्षा थोडे मोठे. भंडाऱ्याच्या एका कारागिराने मला घडवले. आंधळगावच्या सीताबाईंनी मला आठवडी बाजारात घेतले आणि दहा महिन्यांच्या नातीच्या, चंद्रकांताच्या, करदोड्यात ओवले. ती रांगू लागली की मी वाजायचे. "घर भरल्यासारखं वाटते," सीताबाई म्हणायच्या. मला केवढा अभिमान वाटे!

१९७६ साल होते, धानाच्या चुरणीचे, म्हणजे मळणीचे दिवस. करदोड्याचा दोरा विरला होता. चंद्रकांताच्या आईने, मंदाबाईने, तो पाहिला. पण "उद्या बदलवीन" म्हणत ती खळ्यावर गेली.

त्याच सकाळी दोरा तुटला. मी ओसरीवर पडले. पोरीने मला उचलून तोंडात टाकले, आणि ती हसताच मी तिच्या घशात अडकले. ना रडणे, ना खोकला. ओठ निळे पडू लागले.

"अगे माय, पोरीले काय झालं!" सीताबाई किंचाळल्या आणि तिच्या तोंडात बोट घालू लागल्या.

तेवढ्यात लस टोचायला आलेल्या नर्स उषाबाई दारातून धावल्या. "बोट नोका घालू, माय! आणखी अंदर जाईन ते!" त्यांनी पोरीला हातावर पालथे घेतले, डोके खाली धरले आणि दोन्ही खांद्यांच्या मधोमध तळहाताने जोरात थापा मारल्या. एक, दोन, तीन. चौथ्या थापेला मी भुईवर पडले.

चंद्रकांता रडली. मित्रांनो, एवढा गोड आवाज मी त्याआधी कधीच ऐकला नव्हता.

उषाबाईंनी तिला लगेच मोहाडीच्या डॉक्टरांकडे नेले. पोर सुखरूप परतली. सीताबाई मात्र मला बोडीच्या, गावच्या लहान तळ्याच्या पाण्यात फेकायला निघाल्या. "माही नात नेत होतं हे!"

"फेकू नोका, मले द्या," उषाबाई म्हणाल्या. "बाकीच्या मायांले दाखवीन."

त्याला आता अकरा वर्षे झाली. उषाबाईंच्या पिशवीत बसून मी गावोगाव फिरले. त्या मला आयांच्या तळहातावर ठेवतात आणि सांगतात, "लेकरू रांगू लागलं का तुमीबी एकडाव रांगून पाहा. खाली काय काय पडलं हाये, ते तवाच दिसते." बाया हसतात, आणि मग खरोखरच खाली वाकून पाहतात.

एक जीव माझ्यामुळे जाणार होता, तरी त्या बाईने मला कामाचे मानले. हे उपकार मी कसे विसरू?

मित्रांनो, तुमच्या घरी रांगते बाळ असेल तर आज तुम्हीही त्याच्याशेजारी गुडघ्यांवर बसा. बटण, चिंचोका, फुटाणा, जे दिसेल ते उचला आणि उंच फळीवर ठेवा. तेवढे केलेत, तर मी तुमचेही आभार मानीन.