मोटेचा नाडा आणि पंचमीचा झोका

मी एक जुना नाडा आहे. हसू नका, मित्रांनो! परकराची नाडी नव्हे, विहिरीतून मोट ओढणारा मनगटाएवढा जाड दोर. आज माझा वावभर, म्हणजे दोन्ही हात पसरल्याएवढा, तुकडा उरलाय, तोही शेळीच्या गळ्यात. पण बोलायची खोड गेलेली नाही.

सांगोल्याजवळच्या वस्तीवर गुंडा म्हाताऱ्याने अंबाडीच्या वाखाला पीळ देऊन मला वळलं आणि येडूने मोटेला बांधलं. श्रावणातही आभाळ कोरडं! मग काय, दिवस उगवल्यापासून बैल मागे-पुढे आणि मी चाकावरून वर-खाली. येडूचा मका उभा राहिला तो माझ्या जिवावर. लोक म्हणायचे, "येडू, बैलं लई गुणाची हायती." माझं नाव कुणी काढलं नाही. चालायचंच.

वर्षातून एकदा मात्र माझे लाड होत. नागपंचमीला मोट बंद, आणि मी लिंबाच्या फांदीवर झोका होऊन चढायचो. हिरव्या बांगड्या भरलेल्या लेकीबाळी माझ्यावर उभ्या राहून उंच जात. खाली जोंधळ्याच्या लाह्या, उकडलेली दिंडं, फुगड्या, गाणी. त्या एका दिवसासाठी मी वर्षभर झिजत होतो म्हणा ना!

त्या साली येडूची धाकटी बहीण राजाबाई जेऊरहून आली. लग्नानंतर सासरच्यांनी तिला पहिल्यांदाच पंचमीला धाडलं होतं. सांगोल्याला नव्यानेच सुरू झालेल्या छोट्या आगगाडीतून उतरली, ती थेट विहिरीवर आली.

"दादा, औंदा पोटभर झोका खेळनार बग मी!" असं म्हणत तिने मला चाचपलं, आणि तिचा हात थांबला. "ह्यो हितं चाकाशी झिजलाय की. येवढा इळ्यानं छाट. उरल्याला झोक्याला पुरतोय."

"व्हय, छाटतो की. येवढं वाफं भिजू दे."

वाफे भिजले, दिवस बुडाला, विळा कुडाला खोचलेलाच राहिला. छाटलं असतं तर मी विहिरीच्या पाण्याला पुरलो नसतो, नवा नाडा करावा लागला असता. म्हणून ही टाळाटाळ! तो चतुर्थीचा दिवस होता. भावाला आयुष्य मिळावं म्हणून राजाबाईच्या पोटात अन्नाचा कण नव्हता.

दुसऱ्या दिवशी तिने पुन्हा आठवण करून दिली, तर आई केराबाई म्हणाली, "आज न्हाय बाई! पंचमीला इळा-कुऱ्हाड हातात धरायची न्हाय, नागाला लागतं."

येडूला आयतंच फावलं. "गाठ मारतो त्येच्यावर. कायबी हुत न्हाय."

राजाबाईने भावावर विश्वास ठेवला. तो नाही ठेवायचा तर कुणावर ठेवायचा? तिने झोका चढवला, बाया गाऊ लागल्या. मी गाठीत करकरत होतो, पण गाण्यापुढे माझं कोण ऐकतंय? मी तुटलो. ती लिंबाच्या पाराच्या दगडांवर कमरेवर पडली.

"दोरच दगाबाज निघाला," येडू वस्तीभर सांगत सुटला. वा रे वा! चोराच्या उलट्या बोंबा! मला उकिरड्यावर फेकलं. जेऊरची माणसं आली, तिचा फरफटणारा पाय बघितला आणि पाणीही न पिता परत गेली. दिवाळीच्या आत तिच्या नवऱ्याने दुसरी बायको केली.

राजाबाईनेच मला उकिरड्यातून उचललं. चांगला तुकडा निवडून शेळीला बांधला. आता आम्ही दोघं माळावर लंगडत हिंडतो. तिने मला एकदाही दोष दिला नाही.

मित्रांनो, दोर असो की माणूस, झिजलेलं दिसलं की त्याच दिवशी बघा. सणाच्या दिवशी विळा धरू नये, कबूल. पण आदल्या दिवशी कुणी हात धरला होता?

काल पुन्हा चतुर्थी होती. येडू नव्या नाड्यावर मोट हाकत होता. केराबाईने राजाबाईपुढे भाकरी ठेवली. तिने ती बाजूला सारली.

"नगं, आये. आज भावाचा उपास हाय."