अकरा नितळ बाटल्या

धरण तपासायला आलेल्या इंजिनियरबाईंना पहिला संशय आला तो बाटल्यांचा. पहारेकरी तात्यांच्या खोलीत फळीवर अकरा महिन्यांच्या अकरा बाटल्या पूजेला मांडल्यासारख्या उभ्या होत्या. सगळ्या नितळ.

मातीच्या धरणातून थोडं पाणी झिरपतंच. ते पायथ्याच्या नळीतून बाहेर येतं आणि दर महिन्याला त्याची एक बाटली भरून ठेवायची असते. पाणी स्वच्छ असेल तर काळजी नाही. गढूळ असेल तर आतली माती वाहून चाललीय, धरण पोखरतंय. आणि खाली चारशे घरं होती. त्यातलं एक तात्यांच्या लेकीचं.

"तात्या, भर पावसाळ्यातही पाणी असंच?"

"असंच, मॅडम. पिऊन बघा, तुमच्या ऑफिसातल्या चहापेक्षा बरं."

बाई हसल्या नाहीत. "खोलीतल्या नळाचं तर भरलं नाहीत ना?"

तात्यांचा चेहरा उतरला. "तीस वर्षं झाली इथं. देव बघतोय."

"देव बघतोच. मलाही बघू द्या. चला नळीपाशी."

"तुम्ही कशाला? शेवाळ आहे, पाय घसरेल. मी आणतो की भरून."

आता तर बाईंची खात्रीच पटली. त्या पुढे झाल्या आणि तात्या मागून पायऱ्या उतरले.

नळीशेजारच्या खिळ्यावर एक चौपदरी फडकं वाळत होतं, मधोमध तांबूस डाग. बाईंनी बाटली धरली, तसं तात्यांनी सवयीने फडकं तिच्या तोंडावर ताणलं.

"हे काय?"

"गाळायला."

"गाळायला कुणी सांगितलं?"

"तुम्हीच."

आज तपासणी म्हणून तात्यांनी ऑफिसातून आलेला एक कागद खिशात, प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून आणला होता. तो त्यांनी बाईंपुढे धरला. 'बाटली न धुता भरलेली दिसते. नमुना परत. यापुढे पाणी स्वच्छ भरून ठेवावे.' खाली बाईंची सही. गेल्या वर्षी टेबलाशी बसल्याबसल्या त्यांना वाटलं होतं, म्हातारा आळशी दिसतोय.

"बाटली तीनदा धुतली होती, मॅडम. पण म्हटलं, तुम्ही शिकलेल्या."

बाईंनी फडकं बाजूला केलं, बाटली भरली आणि पायरीवर ठेवली. दोघंही वाकून बघत राहिले. दहा मिनिटांत तळाशी नखाएवढा तांबूस थर बसला.

बाईंनी फोन लावला. धरणातलं पाणी हळूहळू उतरवायचं, खालची घरं दुपारच्या आत रिकामी करायची. मग फोन तात्यांच्या हातात दिला. "लेकीला तुम्हीच सांगा."

तात्यांनी सांगितलं. पलीकडून संशयाने भरलेला आवाज आला, "बाबा, कालपर्यंत तर पाणी आरशासारखं आहे म्हणत होतात. कुणी काही बोललं का तुम्हाला?"

"म्हणत होतो," तात्या म्हणाले. "मी गाळून बघत होतो, पोरी. बाळाला घे आणि नीघ."